दरडोई कर्जाचा फसवा हिशेब

अर्थसंकल्प मांडला की देशाचे कर्ज भागिले लोकसंख्या हा हिशेब हमखास ऐकू येतो. ‘प्रत्येक भारतीयाच्या डोक्यावर इतके कर्ज’ हे वाक्य सत्तेत नसलेल्या कोणत्याही पक्षाला सोयीचे असते. त्यात आकडे बरोबर असतात, निष्कर्ष चुकतो. कर्ज कोणाचे, हे विचारलेच जात नाही.

केंद्र सरकारच्या कर्जात परकीय कर्जाचा वाटा अगदी थोडा आहे. बाकीचे बहुतांश कर्ज देशातच, रुपयांत उभारलेले आहे. रिझर्व्ह बँक सरकारी रोख्यांचा लिलाव करते आणि बँका, आयुर्विमा महामंडळ, भविष्यनिर्वाह निधी ते घेतात. कारखान्यातल्या फिटरचा पीएफ, शिक्षिकेची एलआयसी पॉलिसी, टपाल कार्यालयातले पीपीएफ खाते, हा पैसा अखेर तिथेच जातो. ज्याच्या डोक्यावर कर्ज मोजायचे, तोच अनेकदा सरकारचा सावकारही असतो. खरा धोका असतो परकीय चलनातल्या देण्यांचा. १९९१मध्ये भारताला सोने गहाण ठेवावे लागले ते डॉलर संपत आल्यामुळे. २०२२मध्ये श्रीलंका कोलमडली तीही परकीय देण्यांपायी. उलट, जपानचे सरकारी कर्ज जीडीपीच्या दुपटीहून अधिक असूनही ते येनमध्ये आणि बहुतांशी देशातच असल्याने तशी वेळ आलेली नाही.

सरकारला घरसंसाराचा नियमही जसाच्या तसा लागू होत नाही. कुटुंबप्रमुख निवृत्त होतो. सरकार जुने रोखे फेडून नवे काढत राहते. उत्पन्न कर्जापेक्षा वेगाने वाढले, तर कर्जाचे ओझे आपोआप हलके होते.

पण म्हणून कर्ज निरुपद्रवी ठरत नाही. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात व्याजासाठी १२.७६ लाख कोटी रुपये होते, भांडवली खर्चासाठी ११.२१ लाख कोटी. त्या अंदाजानुसार महसुलाच्या प्रत्येक रुपयातले सुमारे ३७ पैसे व्याजात जाणार होते. हे व्याज बचत असलेल्यांना मिळते. पण साबणाच्या वडीवर जीएसटी भरणाऱ्या, बचतीला पैसाच न उरणाऱ्या मजुराचाही ते भरण्यात हिस्सा असतो. खरा भार हा आहे, आणि तो आजच्याच पिढीवर आहे.

त्या वर्षीच्या १५.६९ लाख कोटींच्या राजकोषीय तुटीत ५.२४ लाख कोटींची तूट महसुली होती. म्हणजे उसनवारीचा तिसरा हिस्सा चालू खर्चासाठी. धरणे, रेल्वेमार्ग यांसाठी काढलेले कर्ज पुढच्या पिढीला मालमत्ताही देते. नित्याचा खर्च भागवायला काढलेले कर्ज तिच्यासाठी केवळ व्याज ठेवते. संसदेत दरडोई आकड्यावर गदारोळ करण्याऐवजी सदस्यांनी महसुली तूट शून्यावर कधी येणार, याची तारीख सरकारकडून वदवून घ्यावी.