कृपा आधी की आज्ञा? रमाबाईंच्या वादाचा खरा विषय

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की इतिहासप्रेमी तरुणांच्या चर्चेत दोन विधाने हमखास येतात. एक : बाई मिशनऱ्यांच्या आज्ञेत होत्या. दुसरे त्यांच्या चाहत्यांचे : बाई मुळात बंडखोर, ख्रिस्ती धर्म हे केवळ निमित्त. कागदपत्रांपुढे यांतले एकही टिकत नाही. रमाबाई ज्या प्रश्नाशी आयुष्यभर झगडल्या, तो प्रश्नच दोन्ही पक्ष समजून घेत नाहीत. ईश्वराची कृपा आज्ञापालनाच्या मोबदल्यात मिळते, की कृपा आधी येते आणि आज्ञापालन तिच्या मागून? आणि पाळायची ती आज्ञा कोणाची?

हा प्रश्न त्यांना इंग्लंडमध्ये प्रथम भेटला असे नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवून रूढी मोडली होती. पण व्रते, दाने, उपवास, तीर्थयात्रा यांत त्या कुटुंबाने काही उणे ठेवले नाही. साठवलेला पैसा धर्मकृत्यांत संपला, पाठोपाठ १८७० च्या दशकातला दुष्काळ आला, आणि तिरुपतीजवळच्या अरण्यात झाडपाला खाण्याची वेळ आली. आई, वडील, बहीण थोड्याच अवधीत गेली. (कृपा हा शब्द वारकऱ्यांनाही परका नाही, हे मान्य. परंतु या घराच्या वाट्याला आला तो कर्माचा हिशेब, आणि तो हिशेब जुळला नाही.)

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन मठात राहिल्या. तेथील भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील एक गृह दाखवले. ज्या स्त्रियांना समाजाने ‘पतित’ म्हणून टाकले होते, त्यांची तेथे सेवा चालत असे. या स्त्रियांसाठी एवढे कष्ट का, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. ती स्त्री आधी सुधारली आणि मग येशू तिच्याशी बोलला, असे त्या कथेत नाही. क्रम उलटा आहे. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या पत्रांनी रमाबाईंची बुद्धी वळवली असेल, पण मनावर ठसा उमटला तो येथे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आणि लगेच संघर्ष सुरू झाला. ‘आज्ञेत होत्या’ म्हणणाऱ्यांनी १८८४-८५ मधली त्यांची पत्रे वाचावीत; ती छापलेली आहेत. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवावे, असा विचार निघाला. भारतातील बिशपांनी त्याला विरोध केला. रमाबाईंनी विचारले : माझ्या वर्तनाविषयी निर्णय देणारे हे कोण? हिंदू पुरोहितशाहीचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवल्यावर तसेच दुसरे जू स्वीकारण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. त्रैक्याच्या सिद्धांतावरही त्यांनी शंका घेतल्या. बाप्तिस्मा घेतला म्हणजे इंग्लंडच्या चर्चची सारी मते मान्य केली, हे त्यांना कबूल नव्हते. ज्यांना त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत, त्या सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला.

जेराल्डिन यांना खलनायिका ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्यांच्या परंपरेत ईश्वराची कृपा चर्चच्या संस्कारांतून वाहते. म्हणून चर्चची आज्ञा मानणे हा त्यांच्या दृष्टीने कृपा स्वीकारण्याचाच मार्ग होता. ही भूमिका सुसंगत आहे. माझा आक्षेप इतकाच की तिच्यात एक उडी आहे : ईश्वराच्या आज्ञेपासून बिशपच्या आज्ञेपर्यंतची. ल्यूथरने १५२० च्या ख्रिस्ती स्वातंत्र्यावरील पुस्तिकेत हीच उडी नाकारली होती. कृपा मिळालेला मनुष्य कोणाचा अंकित नसतो, आणि म्हणूनच तो सर्वांचा सेवक होऊ शकतो, असे त्याचे प्रतिपादन होते. कृपा म्हणजे ‘वाटेल तसे वागण्याचा परवाना’ असे समजणाऱ्यांना या वाक्याचा उत्तरार्ध ठाऊक नसतो.

मग रमाबाई केवळ बंडखोर का म्हणू नयेत? कारण १८९१. विल्यम हॅझ्लम नावाच्या अँग्लिकन धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ दीक्षित पुरोहित असून १८५१ मध्ये स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यात त्याचे परिवर्तन झाले होते. रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहिले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. नुसत्या बंडखोर स्त्रीला हे लिहिण्याचे कारण नव्हते. बिशपांचे जू नाकारणाऱ्या याच बाई पुढे स्वतःला ईश्वराच्या संपूर्ण आज्ञेत मानू लागल्या, आणि यात त्यांना विसंगती वाटली नाही.

या आज्ञापालनाचे रूप पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रिया घेऊन आल्या. केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. तेथे अत्याचाराला बळी पडलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र घर झाले. त्याचे नाव ‘कृपासदन’. फुलहॅमचे गृह पाहिलेल्या बाईंनी हे नाव सहज म्हणून ठेवले असेल, असे मला वाटत नाही.

रमाबाईंवर टीका जरूर व्हावी, पण ती योग्य जागी व्हावी. १८९३ मध्ये पुण्यातील शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. सक्ती नाही, परंतु माझ्या प्रार्थनेच्या खोलीचे दार मी बंद करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. मनोरमेच्या धार्मिक शिक्षणावरून जेराल्डिन यांच्याशी भांडताना त्यांनी आईचा अधिकार बजावला होता. मनोरमेसाठी भांडायला आई होती. दुष्काळातून आलेल्या बहुतेक मुलींसाठी कोणी नव्हते. ज्या घरात अन्न, वस्त्र आणि प्रार्थना एकाच हातून मिळते, तेथे अन्न घेऊन प्रार्थना नाकारण्याची मोकळीक त्या मुलीला कितपत होती? हा प्रश्न कठीण आहे आणि तो १८८५ च्या रमाबाईंच्याच युक्तिवादातून निघतो. ‘मिशनऱ्यांच्या आज्ञेत होत्या’ हा आरोप त्याच्या जवळपासही पोहोचत नाही.