अवजड वाहनाचा परवाना आणि आपली मुले

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 48 आपल्या वसई तालुक्यातून जातो. चिंचोटी, सातिवली, विरार फाटा, शिरसाड येथे रात्रंदिवस मालाचे ट्रक उभे दिसतात. वालीव-गोखिवऱ्याचे कारखाने आणि कामणमार्गे गाठता येणारी भिवंडीची गोदामे याच ट्रकांच्या भरवशावर चालतात. आपल्या वसतिगृहात वाढलेली काही मुलेही आज या गाड्यांवर आहेत. तरीही पालकसभेत या पेशाचा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणजे, “शिकूनसवरून शेवटी ड्रायव्हरच व्हायचे का?” दुसरे, “दहावी झाली ना, आता गाडीवर पाठवा, चार पैसे येतील.” आम्हांला ही दोन्ही मते मान्य नाहीत.

पहिल्या मतामागे श्रमाविषयीची जुनी तुच्छता आहे. जात माणसाचा धंदा जन्मावरून ठरविते. परवाना मात्र वय, दृष्टी, प्रशिक्षण आणि चाचणी पाहून मिळतो. ज्या सोपाऱ्यात 1882 साली स्तूपाचे उत्खनन झाले आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, ते नगर मालाच्या ने-आणीवरच मोठे झाले होते. बौद्ध परंपरेतील स्थविर पुण्ण हे सुनापरांतातील व्यापारी तांड्यांतूनच बुद्धांकडे गेले. वाटसरूंसाठी वड लावले, विहिरी खोदल्या, विश्रांतिस्थाने बांधली, याची नोंद अशोकाने आवर्जून कोरून ठेवली. माल वाहणाऱ्यांना हीन लेखण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

दुसरे मत अधिक घातक आहे. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार मोटारीच्या परवान्यासाठी अठरा वर्षे आणि व्यावसायिक वाहनासाठी वीस वर्षे पूर्ण असावी लागतात. हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असल्याखेरीज व्यावसायिक वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. मग सोळा वर्षांचा मुलगा गाडीवर जातो तो क्लीनर म्हणून. पुढे रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग देतो. अपघात झाला तर त्याच्याजवळ ना परवाना, ना कामाचा पुरावा.

व्यावसायिक चालकासाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट केंद्र सरकारने 2019 साली काढून टाकली. तेव्हापासून “आता शिक्षण लागतेच कुठे?” असे काहीजण म्हणू लागले. परंतु ई-वे बिल, विम्याची मुदत, भाराची मर्यादा, ई-चलान आणि नोकरीचा करार हे सारे चालकालाच वाचावे लागते. न वाचता केलेल्या सहीची किंमत आपल्या समाजाने सावकाराच्या दारात पुरेशी मोजली आहे.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 च्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. महामार्गावर मात्र अनेकांच्या वाट्याला आजही सलग चौदा-सोळा तास येतात, कारण फेरीवर मजुरी ठरते आणि नेमणुकीचा कागदच नसतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून नव्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, हे स्वागतार्ह आहे. परंतु थंड केबिन झोपेची भरपाई करू शकत नाही. घरचा कर्ता गेल्यावर भरपाई मागायची तर तो कोणाकडे कामाला होता, हे आधी सिद्ध करावे लागते. तेथेच विधवा बहिणीचे हात रिकामे राहतात.

म्हणून आमचे सांगणे तीन गोष्टींपुरते आहे. बारावी किंवा आयटीआय पूर्ण होण्यापूर्वी एकही मूल गाडीवर पाठवू नये. ज्यांना हा पेशा निवडायचा आहे त्यांना, मुलींनाही, माजी विद्यार्थी संघाने मान्यताप्राप्त मोटार ट्रेनिंग स्कूलची फी द्यावी. एसटीत आता महिला चालकही बस चालवीत आहेत. आणि आज ट्रक चालविणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा नववी-दहावीच्या वर्गात येऊन परवाना, पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि नेमणूकपत्र यांविषयी मुलांशी बोलावे. परवाना मुलांनी मिळवावा. त्याच्या जोडीला नेमणूकपत्र मागण्याचे धैर्य त्यांना देणे, हे शाळेचे आणि आपल्या संघटनेचे काम आहे.

जय भीम.