कुठली तक्रार आधी?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुभाष वेलिंगकरांनी सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाच्या डीएनए चाचणीची मागणी केली आणि तो व्हिडिओ मोबाईलवर घरोघरी पोचला. डिचोली पोलिसांनी गुन्हा नोंदवला, मडगावात लोकांनी रस्ता अडवला. मलाही ते झोंबलेच. पण हजार जण एकच व्हिडिओ रिपोर्ट करतात, तेव्हा ‘अमक्याच्या घरावर चला’ ही एकट्याने कळवलेली पोस्ट ढिगाखाली जाते. २०२१ च्या आयटी नियमांनी साध्या तक्रारीला १५ दिवस दिले होते, नग्न चित्रांच्या तक्रारीला २४ तास. म्हणजे क्रम लावता येतो! मग जिवाच्या धोक्याची तक्रार, एकच असली तरी, आधी का नको? सायबाचा अपमान उद्या पाहिला तरी चालेल. तूर्त अशी पोस्ट दिसली तर बटण दाबून थांबू नका, ११२ लावा.
– एक वाचक, म्हापसा