दुसरा डाव कोणाचा?

बंगळुरूत २००७ साली स्थापन झालेल्या ‘फ्लिपकार्ट’चा सुमारे ७७ टक्के हिस्सा २०१८ मध्ये वॉलमार्टने १६ अब्ज डॉलरना घेतला. संस्थापक सचिन बन्सल आपले सर्व भाग विकून बाहेर पडले आणि त्याच वर्षी वित्तव्यवसायात उतरले. ‘नावी’ ही त्यांची नवी कंपनी कर्जे देऊ लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अवाजवी व्याजआकारणीच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने ‘नावी फिनसर्व्ह’ला नवी कर्जे देण्यास मनाई केली, सुधारणेनंतर डिसेंबरमध्ये ती उठविली.

उद्योजकाने दुसरा डाव मांडावा, यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो डाव मांडण्याची ऐपत कोणाला, हा. पार्सलामागे मजुरी घेऊन घरोघर माल पोचविणारा तरुण काम सोडतो, तेव्हा त्याच्या हाती ना भाग, ना उपदान. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांसाठी कंपन्यांच्या उलाढालीतून १ ते २ टक्के वर्गणीची तरतूद केली आहे. मात्र ती, कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक असणार नाही! एवढी तरी वर्गणी कागदावरून कामगाराच्या पदरात पाडावयाची, तर संघटनेवाचून तरणोपाय नाही.