विश्लेषण : कंपनीविना गाजणारी खानदेशी गाणी; पण त्यांचा मालक कोण?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’ हे गाणे यूट्यूबवर आले आणि काही आठवड्यांत मराठीचा गंधही नसलेली मंडळी त्यावर रील्स करू लागली. माधुरी दीक्षित यांनाही त्याचा मोह आवरला नाही. गायक संजू राठोड जळगाव जिल्ह्यातील धानवडचे, संगीत जी-स्पार्क यांचे. गाणे कोणत्याही चित्रपटातले नव्हते. ते गायकाच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर प्रदर्शित झाले होते. त्याआधीपासून ‘बबल्या इकस केसावर फुगे’, ‘हाई झुमका वाली पोर’ अशा अहिराणी गाण्यांनी जळगाव-धुळ्याच्या वराती दणाणून सोडल्या आहेत. मोठ्या म्युझिक कंपनीशिवाय गाणे गाजू शकते, हे खानदेशाने दाखवून दिले. मात्र गाजलेल्या गाण्याचा हक्क आणि पैसा कोणाकडे जातो, हा प्रश्न अजून बाकी आहे.

‘अनसाइन्ड’ कलाकार म्हणजे काय?

पूर्वी गायक किंवा बँड म्युझिक कंपनीशी करार करत असे. ध्वनिमुद्रण, कॅसेट, वितरण आणि जाहिरातीचा खर्च कंपनी करी आणि बदल्यात ध्वनिमुद्रणाची मालकी बहुतेकदा तिच्याकडे जाई. असा करार नसलेला कलाकार म्हणजे ‘अनसाइन्ड’. आज मधला मार्गही आहे. वितरण कंपनी गाणे स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक अशा मंचांवर पोहोचवते आणि शुल्क किंवा उत्पन्नातील वाटा घेते. मालकी कलाकाराकडे राहू शकते. राठोड यांच्या ‘शेकी’ (२०२५) या गाण्यामागे पॅरिसच्या ‘बिलीव्ह’ कंपनीच्या कलाकार सेवा विभागाचे नाव दिसते. म्हणजे ‘कंपनी नाही’ याचा अर्थ ‘कोणीच नाही’ असा होत नाही. करारात काय लिहिले आहे, हे महत्त्वाचे ठरते.

हे खानदेशातच कसे घडले?

येथे गाण्याला हंगाम आहे आणि श्रोता तयार आहे. आखाजीला झोक्यावरची गाणी, श्रावणात कानबाईची गाणी, लग्नसराईत हळद आणि वरात. वहीगायन, तमाशा, बँड पथके ही परंपरा जुनी आहे. कमी होते ते वितरण. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांना अहिराणीचा बाजार छोटा वाटे. स्वस्त इंटरनेट आणि स्मार्टफोन आल्यावर ही अडचण सरली. सुरत, नाशिक, पुण्यात कामाला गेलेला खानदेशी माणूसही एका क्लिकवर श्रोता झाला.

रॉक बँडऐवजी येथे एकटा गायक पुढे का येतो, याचेही उत्तर अर्थकारणात आहे. बँडला चार-पाच वादक, वाद्ये, तालमीची जागा आणि तिकीट काढून ऐकणारा प्रेक्षक लागतो. गायकाला संगणकावर केलेले संगीत, एक छोटा स्टुडिओ आणि मोबाइलवरचा प्रेक्षक पुरतो. अर्थात बँडलाही ही वाट बंद नाही. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ या मेटल बँडने यूट्यूबपासून सुरुवात केली, २०१९ मध्ये जर्मनीतील वाकेन महोत्सव गाठला आणि २०२२ मध्ये ‘रक्षक’ हा अल्बम स्वतःच प्रदर्शित केला.

पैसा कुठून येतो?

पहिला स्रोत यूट्यूबच्या जाहिरातींचा. त्यांत वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचे पाहणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज अशी अट आहे. मोठ्या व्हिडीओच्या जाहिरात उत्पन्नातील ५५ टक्के चॅनेलमालकाला मिळतात. येथे ‘चॅनेलमालक’ हा शब्द कळीचा आहे. पैसे त्याच्या खात्यात येतात. गीतकार, गायक, वादक यांच्या खात्यात आपोआप जात नाहीत. दुसरा स्रोत ऑडिओ मंचांचा, तोही ज्याच्या नावावर गाणे नोंदवले आहे त्याच्याकडे जातो. तिसरा स्रोत कार्यक्रमांच्या सुपाऱ्यांचा. तेथे मात्र पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्याला आणि गायकाला मागणी असते. गीतकाराला सहसा कोणी बोलावत नाही.

वरातीत रोज वाजते, मग रॉयल्टी का नाही?

खानदेशी गाण्यांचे सर्वात मोठे व्यासपीठ म्हणजे लग्न. पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ (१) (झेडए) नुसार धार्मिक समारंभात गाणे वाजवणे हा हक्कभंग ठरत नाही आणि लग्नाची वरात व लग्नाशी संबंधित सामाजिक कार्यक्रमही त्यात मोडतात. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने हेच पुन्हा स्पष्ट केले. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याच विषयावर परिपत्रक काढले. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केले. परिपत्रकाने कायद्याची व्याप्ती वाढवता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. कायद्यातील मूळ सवलत मात्र कायम आहे.

वधूपित्याच्या दृष्टीने ही सवलत रास्त आहे. पण त्यामुळे गावोगावच्या वरातींत डीजेवर गाणे वाजले, तरी त्यातून गीतकाराला थेट काही मिळत नाही. वरात प्रसिद्धी देते, उत्पन्न दुसरीकडून उभे करावे लागते. म्हणूनच ऑनलाइन हक्क कोणाच्या नावावर आहेत, याला येथे इतरांपेक्षा जास्त महत्त्व आहे.

गाण्याचा मालक नेमका कोण?

एका गाण्याचे मालक अनेक असतात. समजा, साक्रीच्या एका तरुणाने शब्द लिहिले, मित्राने चाल बांधली, तिसऱ्याने गायले आणि एका चॅनेलवाल्याने धुळ्यातील स्टुडिओचा खर्च करून व्हिडीओ टाकला. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा (दोघे कोणाच्या पगारी नोकरीत नसतील तर), गायकाला कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे पुढाकार व जबाबदारी घेणाऱ्याचा.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सही केलेला करार लागतो. तोंडी व्यवहार पुरत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असे कायदा धरून चालतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना आणखी एक कवच दिले : ध्वनिमुद्रणाच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतील समान वाट्यावर त्यांना पाणी सोडता येत नाही, तशी सही घेतली तरी. पण हा वाटा घरपोच येत नाही. त्यासाठी ‘आयपीआरएस’सारख्या कॉपीराइट संस्थेचे सदस्य होऊन आपली गाणी नोंदवावी लागतात.

लोकगीतांचा गुंता वेगळा आहे. कानबाईचे पारंपरिक गाणे कोणा एकाचे नाही. नव्याने केलेले ध्वनिमुद्रण मात्र करणाऱ्याचे असते. यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा हा फरक नेहमी ओळखत नाही. त्यामुळे एकाने आपले म्हणून नोंदवलेल्या गाण्यावरून दुसऱ्या गायकाच्या व्हिडीओवर दावा लागू शकतो.

अहिराणीचे काय पणाला लागले आहे?

जनगणनेत ‘खानदेशी’ ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली जाते. २००१ मध्ये तिचे भाषक सुमारे २०.७ लाख नोंदले गेले, २०११ मध्ये सुमारे १८.६ लाख. अनेक जण मातृभाषा ‘मराठी’ सांगत असल्याने हे आकडे पूर्ण चित्र देत नाहीत, पण घट लक्षणीय आहे. शाळेत अहिराणी बोलल्यावर हसू होण्याचा अनुभव घेतलेल्या पिढीची मुले आज अहिराणी गाण्यावर बिनदिक्कत नाचतात. यात एक मेखही आहे. देशभर पोहोचलेले ‘गुलाबी साडी’ प्रमाण मराठीच्या जवळचे. अस्सल अहिराणी गाणे बहुतांशी खानदेशी माणसातच फिरते. गीतकाराला अहिराणीत लिहून पोट भरता आले नाही, तर तो भाषा बदलेल.

पुढे काय?

उपाय फार खर्चिक नाहीत. ध्वनिमुद्रणाआधी एका पानावर कोणाचा वाटा किती हे लिहून सह्या करणे, व्हिडीओखाली सर्वांची नावे देणे, गीतकार-संगीतकारांनी संस्थेत नोंदणी करणे. बँडसाठी तर हे पान अधिकच गरजेचे, कारण तेथे एका गाण्यात पाच जणांचा हात असतो आणि भांडण सहसा गाणे गाजल्यावरच सुरू होते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या युवा महोत्सवात दरवर्षी गाणारी मुले येतात. करार वाचायला शिकवण्याची ती चांगली जागा ठरू शकते. ज्यांचे नाव विद्यापीठाला आहे, त्या बहिणाबाईंच्या ओव्या पुस्तकरूपाने आल्या १९५२ मध्ये, त्यांच्या निधनाच्या पुढच्या वर्षी. आज साक्रीतल्या पोराचे गाणे तासाभरात जगभर जाते. त्यावर त्याचे नाव राहील की नाही, हे मात्र त्या एका पानावर ठरेल.