कमरबंद आणि हुकूम

वसाहतकालीन भारतीय घोडदळातील अधिकाऱ्यांच्या पोशाखाविषयी लिहिताना आपल्याकडील समीक्षकांना 'संकर' या शब्दाचा मोह आवरत नाही. इंग्रज अधिकारी कुडता घालतो, काश्मिरी शालीचा कमरबंद बांधतो, कुल्ल्याभोवती लुंगी (म्हणजे फेटा, नेसायची नव्हे) गुंडाळतो, की लगेच होमी भाभांचे नाव घेऊन दोन संस्कृतींच्या संवादावर निबंध सिद्ध होतो. खुद्द भाभा सत्तेची विषमता विसरत नाहीत. ती विसरतात त्यांचे उद्धरण देणारे.

खांद्यांवरच्या पोलादी साखळ्या मुळात तलवारीचा वार अडवण्यासाठी होत्या; छातीवरच्या आडव्या पट्ट्याला लटकणाऱ्या सुया बंदुकीचा कान साफ करण्यासाठी. गरज संपली, त्या चांदीच्या झाल्या. असे कुठल्याही सैन्यात होते. प्रश्न आहे तो हा साज कोणाच्या अंगावर आहे, हा. इंग्रज अधिकाऱ्याची ती हौस होती. युरोपीय धर्तीचा दुसरा गणवेश त्याच्यापाशी असे. रिसालदाराला अशी निवड नव्हती. १८५७ नंतर हिंदी शिपायाला अधिकाधिक 'पौर्वात्य' वेष इंग्रजांनीच चढवला, हे बर्नार्ड कोहन यांनी १९८९ सालीच दाखवून दिले आहे.

कर्झनने १९०१ मध्ये संस्थानिक-सरदारांच्या मुलांसाठी 'इंपीरियल कॅडेट कोअर' काढली. पांढरा अंगरखा, आकाशी फेटा. १९०३ च्या दिल्ली दरबारात ही मुले शोभून दिसली. १९०५ मध्ये पहिल्या काहींना अधिकारपत्रे मिळाली, पण गोऱ्या शिपायावर हुकूम चालवण्याचा हक्क त्यांत नव्हता. तसा हक्क देणारे राजाचे अधिकारपत्र हिंदी माणसाला मिळायला १९१७ उजाडले. त्या पहिल्यांपैकी एक, अमरसिंह, १८९८ पासून १९४२ पर्यंत इंग्रजीत रोजनिशी लिहीत होते. छायाचित्रांतल्या फेट्यांवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी ती आधी वाचावी.

आणि खर्चाचे काय? 'शिलेदार' हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही: स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. इंग्रजांनी घोडदळासाठी हीच पद्धत उचलली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली. म्हणजे ज्या रुबाबाची रसिक चर्चा आपण करतो, त्यातला स्वाराच्या अंगावरचा फेटा, कुडता, कमरबंद, खालचा घोडा नि खोगीर, हे सारे त्याच्याच पैशांतून येई. सरकार देई ती बंदूक आणि काडतुसे.