कमवा, शिका आणि विचारा

मुलांनो, काम सांभाळून शिकणे साताऱ्याला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, कष्ट करत आणि शिकत.

यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले. नोकरी किंवा शेती करणाऱ्यांना त्यामुळे घरी राहून पदवी घेता येते. २०१७ साली सरकारने 'स्वयं' सुरू केले. त्यावर इंटरनेटवरून अभ्यासक्रम शिकता येतात.

ही सोय मोठी आहे. रात्री कामावरून आल्यावर धडा पाहता येतो. समजला नाही, तर पुन्हा पाहता येतो. बसभाडेही वाचते. पण एवढ्याने शिकणाऱ्याचे समाधान होते का? मला तसे वाटत नाही. शंका विचारावी आणि तिचे उत्तर वेळेवर मिळावे, तेव्हाच खरे समाधान होते. उत्तर मिळाले नाही, तर थकलेला माणूस हळूहळू अभ्यास सोडून देतो. कर्मवीरांच्या वसतिगृहात साधने थोडी होती. पण शेजारी सोबती होता.

तुमची आपा शिवणकाम सांभाळून अशी शिकत असेल, तर रात्री तिच्याजवळ बसा. "आपा, आज काय समजले नाही?" असे तिला विचारा. पडद्यावरचा धडा हा प्रश्न विचारत नाही. तो माणसानेच विचारायचा असतो.